बारा आलेख, दोन नापास

सोमवार, ३ मार्च

नोकरी लागली. म्हणजे अर्धी लागली. उरलेली अर्धी महिनाअखेरीस लागेल, नाहीतर हातात नारळ.

काम असं आहे. न दिसणाऱ्या मुलांसाठी शाळेची पुस्तकं ध्वनिमुद्रित करतात. धडे वाचायला तिथे माणसं आहेत. माझ्या वाट्याला आले आहेत आलेख. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ‘आपण काय विकत घेतो, काय खातो’ असा एक धडा आहे, त्यात बारा आलेख. एकेक आलेख दीडशे शब्दांत लिहायचा आणि आपल्याच आवाजात म्हणून द्यायचा. तीन नापास झाले की घरी.

पास-नापास ठरवायची रीत मी जन्मात पाहिली नव्हती. तिथे साठीचे एक गृहस्थ आहेत, पूर्वी पियानोचे सूर जुळवून द्यायचे. तिसाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. सगळे त्यांना दोरेवाले म्हणतात आणि तेही स्वतःला तेच म्हणवतात. ते आमचं बोलणं ऐकतात आणि ऐकता ऐकता कॉर्कच्या फळ्यावर टाचण्या टोचून दोरा ओढतात. मग संपादकबाई छापील आलेखाचा पारदर्शक कागद त्या दोऱ्यावर ठेवतात. जुळला तर पास.

मला आवाजाची काळजी नाही. बारा वर्षं मी एका चार मजली दुकानात माईकवर होते. ‘ग्राहकहो, दुसऱ्या मजल्यावर उशांवर सवलत!’ ती मीच. गेल्या वर्षी त्यांनी माझ्या जागी एक यंत्र बसवलं आणि मी घरी बसले. सहा महिने. परवा मी फ्रिजला ‘कृपया दार नीट लावा’ असं मोठ्याने सांगितलं, तेव्हा ठरवलं की आता बाहेर पडायलाच हवं. ही नोकरी मला हवी आहे. अगदी हवीच आहे.

घरी सांगितलं तर हे “वा!” म्हणाले आणि बस डेपोत पाळीला गेले. सासरेबुवांनी मात्र उठून स्वतः चहा केला. आनंदाच्या भरात अर्धा कपात आणि अर्धा ओट्यावर. मी पुसून घेतला.

मंगळवार, ४ मार्च

पहिला आलेख नापास. थाटात नापास.

मी लिहिलं होतं: ‘लाल रेषा झपाट्याने वर जाते, हे स्पष्ट दिसते. कारण आजकाल कोणाला वेळ नसतो, त्यामुळे लोक तयार पाव आणतात.’

दोरेवाल्यांनी टाचणी हातात धरून विचारलं, “लाल म्हणजे कुठली?”

“वरची.”

“कुठून वरची?”

“म्हणजे... निळीच्या वरची.”

“बरं. आणि स्पष्ट दिसते, ती कोणाला?”

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ते मात्र मजेत हसत होते. संपादकबाई हसत नाहीत. त्यांच्याकडे एक लाल पेन्सिल आहे आणि तिचं टोक कधी बोथट होत नाही. त्यांनी ‘कारण’पासून पुढचं सगळं खोडलं.

“आलेखात वेळ कुठे दाखवलाय?”

“नाही दाखवलेला, पण सगळ्यांना माहीतच आहे.”

“आपल्याला दिसतं तेवढंच लिहायचं. का, ते लिहायचं नाही. कारणं मुलं शोधतील, त्यांना डोकी आहेत.”

मला राग आला. कारण सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी कशी होणार? पण पगार त्या लाल पेन्सिलीच्या हातात आहे.

गुरुवार, ६ मार्च

सासरेबुवा म्हणाले, “सूनबाई, तू वाच, मी ऐकतो. तेवढाच तुझा सराव.”

निवृत्त माणसाला वेळच वेळ. पूर्वी सकाळी तेच आम्हाला पेपर वाचून दाखवायचे, आम्हाला नको असला तरी. आता मला वाचायला लावतात. शब्दकोडंसुद्धा: “तू प्रश्न वाच, मी उत्तर सांगतो, तू भर.” माझ्या आवाजाला सराव हवा म्हणे. आराम हवा, हे खरं कारण. पण त्यांनी माझ्यासाठी एवढं करावं याचं बरंही वाटलं.

दुसरा आलेख त्यांना वाचून दाखवला. डोळे मिटून बसले होते, मला वाटलं डुलकी लागली. तर एकेक प्रश्न असा की विचारू नका.

“आडव्या रेषेवर काय आहे ते आधी सांग ना. वर्षं? मग कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत? उभ्या रेषेवर शून्य आहे की भलतीकडूनच सुरुवात आहे? रेषा निघते कुठून?”

“बाबा, कागद तुमच्या मांडीवरच आहे.”

“असू दे. तू सांग.”

जन्मभर जमिनी मोजत हिंडले, ती मोजणी अजून सुटत नाही. पण त्यांच्या प्रश्नांची उत्तरं ओळीने लिहून काढली आणि तोच मजकूर झाला.

सोमवार, १० मार्च

दुसरा पास. तिसरा पास. चौथा नापास.

चौथा गोल होता, कुटुंबाचा महिन्याचा खर्च कशाकशावर होतो त्याचा. मी मोठ्या तुकड्यापासून लहानापर्यंत छान उतरत गेले. दोरेवाल्यांनी त्याच क्रमाने दोरे ताणले आणि कागद ठेवल्यावर घरभाडं कपड्यांच्या जागी आणि जेवण औषधांच्या जागी. आता एकसुद्धा नापास परवडणार नाही. आठ बाकी आहेत.

घरी सांगितलं तर सासरेबुवा म्हणाले, “घड्याळ समज की त्याला. बारावरून नीघ आणि काट्याबरोबर फीर. पहिला तुकडा बारा ते चार, दुसरा चार ते साडेसहा. एवढं सोपं कसं सुचलं नाही तुला?”

नाही सुचलं. त्यांना बरं सुचलं!

शनिवार, १५ मार्च

पाचवा, सहावा, सातवा पास. आज हसून हसून पुरेवाट झाली.

बाजारहाट हे सासरेबुवांचं खातं. रोज दहाला पिशवी घेऊन निघतात, कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी गप्पा, चौकातल्या बाकावर मित्रांशी गप्पा, साडेबाराला परत. त्या खात्यात कोणी ढवळाढवळ केलेली त्यांना खपत नाही. तर आज माशांचे चार डबे आणले. मी एक उघडला, पावावर पसरवायला घेतला आणि सहज डब्याकडे पाहिलं. त्यावर हे एवढं मोठं मांजर!

“बाबा, हे मांजराचं खाणं आहे!”

त्यांनी डबा चाचपला. मग म्हणाले, “मग? मांजरासाठीच आणलंय. शेजारची ती पांढरी किती वाळलीय बघ.”

शेजारची ती पांढरी दारातून आत यायची तर तिला तिरकं व्हावं लागतं. पण म्हाताऱ्या माणसाला एखाद्या प्राण्याचा लळा लागला तर लागू द्यावा. चारही डबे तिला घातले. तिने आता आमच्या पायपुसण्यावरच मुक्काम ठोकला आहे.

बुधवार, १९ मार्च

आठवा पास. घरी मात्र माझं डोकं फिरलं.

कामावरून आले तर स्वयंपाकघरातले सगळे डबे जागचे हललेले. उंचीप्रमाणे ओळीत, आणि प्रत्येकाला रबरबँड. साखरेला एक, मिठाला दोन, चहाला तीन.

“हे काय?”

“शिस्त,” ते म्हणाले.

“नावाच्या चिठ्ठ्या होत्या की त्यांच्यावर, मी स्वतः डकवलेल्या.”

“चिठ्ठ्या निघतात.”

एकही निघाली नव्हती. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “बाबांना काम नाही, म्हणून काम काढतात. आजोबाही असेच होते, अखेरीस चमचे मोजायचे.” झालं. आमच्या घराण्यात प्रत्येक गोष्टीचं कारण तयारच असतं.

शुक्रवार, २१ मार्च

नववा पास. दोरेवाल्यांनी खुशीत चहा पाजला. त्यांच्या खोलीतली किटली, कप, डबे सगळं जागच्या जागी. आणि गंमत म्हणजे त्यांच्याही डब्यांना रबरबँड! चहाला एक, साखरेला दोन. मी म्हटलं, “अगं बाई, आमच्या सासऱ्यांनीही परवा हाच उद्योग केला. पुरुषांच्या डोक्यात एकाच वेळी एकच खूळ येतं की काय?”

त्यांनी कप खाली ठेवला. “तुमचे सासरे काय करतात?”

“निवृत्त आहेत. मला छळतात.”

“हं,” ते म्हणाले, आणि मग बराच वेळ चहाबद्दलच बोलत राहिले.

रविवार, २३ मार्च

दहावा काल पास झाला. आज सुट्टी. हे घरी, सासरेबुवा खिडकीत पेपर उघडून. मी विचारलं, “काय म्हणतंय जग?” तर म्हणाले, “भाव वाढलेत.” मागून वाकून पाहिलं तर पेपर कालचा. आजचा दाराबाहेर तसाच पडला होता, पांढरी त्यावर बसली होती. आम्ही दोघं खूप हसलो. तेही हसले, जरा उशिरा.

गुरुवार, २७ मार्च

अकरावा पास. एकट्याने जेवणाऱ्यांचा होता, वयाप्रमाणे. पंचविशीत बरेच, मग खाली उतरतात, आणि पासष्टनंतर रेषा सरळ जिन्यासारखी चढते. मला त्यात दोन वाक्यं घालायची फार हुक्की आली होती. नाही घातली. संपादकबाईंची लाल पेन्सिल पहिल्यांदाच टेबलावर पडून राहिली. “सुधारताय,” एवढंच म्हणाल्या. घरी येईपर्यंत मी तो शब्द चघळत होते.

आता बारावा. तीस वर्षं आणि चार रेषा: पाव, दूध, फळं, गोड पेयं. चारही एकमेकींत अशा गुंतल्या आहेत की बघूनच चक्कर येते. यावर सगळं आहे.

शुक्रवार, २८ मार्च

सकाळी सासरेबुवांबरोबर दोन तास सराव. फोनवर ध्वनिमुद्रण चालू ठेवलं होतं, मागाहून ऐकून चुका काढायला. त्यांनी पिच्छाच पुरवला.

“दूध आणि फळं एकमेकींना कुठे कापतात?”

“मधे कुठेतरी.”

“कुठेतरी म्हणजे? वर्ष सांग.”

“तेरावं वर्ष.”

“आणि किती उंचीवर?”

“चाळीसच्या जरा खाली.”

“मग तसं म्हण. आणि कापल्यावर वर कोण राहतं?”

तीनदा विचारलं. तीनदा! मग दुपारी एकटीने बसून स्वच्छ, सुरेख, एका दमात म्हटलेलं वेगळं मुद्रण केलं आणि पाठवून दिलं. सुटले.

रात्रीचं जेवण झाल्यावर फोन पाहिला. पाठवलंय ते सकाळचं. माझं अडखळणं, सासरेबुवांचे प्रश्न, मधेच पांढरीचं म्याव, सगळं. संपादकबाईंना लगेच कळवलं. उत्तर आलं: ‘दोरेवाल्यांनी ऐकायला सुरुवात केली आहे. एकदा ऐकलेलं बदलता येत नाही.’

गेली नोकरी.

सोमवार, ३१ मार्च

बसमधून लिहिते आहे. अक्षर हलतंय.

आत गेले तेव्हा फळा तयार होता. चार दोरे. संपादकबाईंनी पारदर्शक कागद ठेवला, इकडून तिकडून पाहिला, परत पाहिला. “केसभरही चूक नाही,” म्हणाल्या. मुद्रण मात्र नवं करून द्यायचं, मांजर वगळून. आणि उद्यापासून मी कायम!

मला नाचावंसं वाटत होतं. पण दोरेवाले गंभीर होते.

“हे विचारणारे कोण?”

“सासरे. माफ करा, त्यांना सवयच आहे. कागद समोर असतो तरी विचारतात.”

“असे प्रश्न विचारायला शिकायला मला दोन वर्षं लागली होती,” ते म्हणाले. मग त्यांनी तो फळाच उचलून माझ्या हातात दिला, दोऱ्यांसकट. “हा त्यांना द्या. माझ्याकडून.”

बक्षीस म्हणून देताहेत, असं वाटलं. दारातून बाहेर पडेपर्यंत खरंच तसंच वाटत होतं.

बसमध्ये बसले, फळा मांडीवर. नोकरी लागल्याचं लिहायला वही काढली आणि मागची पानं चाळली. कोण जाणे का, पर्समधली पेन्सिल घेऊन संपादकबाई खोडतात तसं खोडत गेले. ‘आनंदाच्या भरात’ खोडलं. ‘आराम हवा’ खोडलं. ‘जन्मभर जमिनी मोजत हिंडले’ खोडलं. ‘प्राण्याचा लळा’ खोडलं. ह्यांचं ‘काम नाही म्हणून’ खोडलं. दिसलं होतं तेवढंच ठेवलं.

चहा कपाबाहेर. पेपर मी वाचायचा. कोडं मी भरायचं. कागद मांडीवर, तरी ‘तू सांग’. मांजराचा डबा. रबरबँड. कालचा पेपर.

दोन स्टॉप पुढे गेले. उतरायचं लक्षातच राहिलं नाही.

मंगळवार, १ एप्रिल

काल घरी काही बोलले नाही. बारा वर्षं माईकवर काढलेली बाई मी, पण तोंडातून शब्द फुटेना.

आज हे डेपोत गेल्यावर तो फळा सासरेबुवांच्या मांडीवर ठेवला. काय आहे ते सांगितलं नाही. त्यांनी हात फिरवला. आधी कडा, मग टाचण्या, मग बोटं एका दोऱ्यावरून चालायला लागली. चेहरा उजळला.

“अरे! हा आपला बारावा. हे बघ, दूध आणि फळं इथे कापतात. तेराव्या वर्षी. मी तुला...”

आणि थांबले. बोट त्या गाठीवरच राहिलं.

“पेपर कालचा होता, बाबा,” मी म्हटलं.

त्यांनी दोऱ्यावरून हात उचलला नाही.

“किती दिवस झाले?” मी विचारलं.

“डावा डोळा दिवाळखोर होऊन वर्ष झालं,” ते म्हणाले. “उजव्याला धुकं आहे. बाकाची कड दिसते, माणसं आवाजाने ओळखतो. तुला काम लागलं तेव्हा मला वाटलं, चला, आता निदान पेपर तरी ऐकायला मिळेल.”

“आम्हाला सांगायचं नाही?”

“सांगितलं असतं तर तुम्ही माझी पिशवी काढून घेतली असती. प्रेमानेच घेतली असती. ‘बाबा, तुम्ही बसा.’ बसून काय करू मी, सूनबाई? ते अडीच तासच माझे आहेत.”

मला रडू आलं आणि रागही आला. स्वतःचाच. सहा महिने घरी बसून मीच तर भिंतींशी बोलत होते. बसा म्हटल्यावर कसं वाटतं ते मला चांगलं ठाऊक होतं, आणि चार आठवडे मी समोर बसून त्यांना हसत होते.

“पिशवीला कोणी हात लावणार नाही,” मी म्हटलं. “पण डॉक्टरकडे यायचं. आणि ह्यांना तुम्ही स्वतः सांगायचं.”

“मांजराचं नको सांगूस त्याला.”

“ते त्यांना आधीच माहीत आहे.”

“खाण्याचं माहीत आहे. का आणलं, ते माहीत नाही.” आणि गालातल्या गालात हसले. “का, ते सांगायचं नसतं, तूच म्हणतेस.”

शनिवार, ५ एप्रिल

गुरुवारी डॉक्टरकडे जाऊन आलो. उजव्यात मोतीबिंदू आहे, पुढच्या महिन्यात काढतील, बरंचसं परत येईल. डाव्याचं जे गेलं ते गेलं. ते ऐकून हे दवाखान्याच्या जिन्यात वडिलांचा हात धरून उभे राहिले आणि काही केल्या सोडेनात. शेवटी सासरेबुवाच म्हणाले, “अरे सोड, मला जिना दिसतोय, तुझ्यामुळे पडेन.”

आज पहिल्यांदा त्यांच्याबरोबर बाजारात गेले. पिशवी त्यांच्याच हातात. मी डाव्या बाजूला, हात न धरता.

दुकानात मी सुरू केलं, “समोर तीन फळ्या आहेत. मधली कमरेच्या उंचीला. डावीकडून पाव, मग अंडी. अंडी आज महाग आहेत, कारण...”

“कारण नको. किंमत सांग.”

दुकानदार आमच्याकडे आ वासून बघत होता. मी किंमत सांगितली. त्यांनी नाक मुरडलं आणि सहाच घेतली. मग वरच्या फळीकडे हात केला.

“इथे माशांचे डबे. डावीकडून पहिला माणसांचा. दुसऱ्यावर मांजर आहे,” मी म्हटलं.

त्यांचा हात पहिल्या डब्याला लागला, पुढे सरकला आणि दुसऱ्यावर थांबला.

“हे दोन घेऊ,” म्हणाले. “ती आता वाट बघते.”